गाडी का विकली?

रविवारी सकाळी कोल्हापूरच्या रंकाळ्याला फेरी मारून झाली की आम्ही पाच-सहा जण चहाला बसतो. सगळे साठी ओलांडलेले. राजकारण काढलं की भांडणं होतात आणि आजारपणावर बोलायला आमच्यातल्या वहिनींनी बंदी घातली आहे, म्हणून गप्पा गाड्यांवर येतात. आज दारात उभ्या असलेल्या गाड्यांवर कुणी बोलत नाही, त्या मुलांच्या. विषय असतो तो एके काळी आपल्या मालकीच्या असलेल्या आणि आता कुठे असतील हे ठाऊक नसलेल्या फटफट्यांचा.

या गप्पा ऐकता ऐकता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. गाडी कधी घेतली, केवढ्याला घेतली हे सांगताना माणसं अडखळतात. एकोणऐंशी की ऐंशी, साडेचार हजार की पाच, असं चाललेलं असतं. पण गाडी का विकली हे विचारलं की क्षणाचाही वेळ लागत नाही. बहिणीचं लग्न. घराचा स्लॅब. वडिलांचं ऑपरेशन. पोराच्या कॉलेजची फी. आमच्या पिढीच्या घरात सोन्यानंतर चटकन मोडता येण्यासारखी दुसरी वस्तू मोटरसायकलच होती. त्यामुळे जुन्या गाडीची आठवण निघाली की त्या वेळची घरची अडचणही आपसूक निघते.

माझी पहिली गाडी राजदूत. जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेत मी तपासनीस म्हणून लागलो होतो. गावोगावच्या सोसायट्यांची दप्तरं तपासायला जावं लागे आणि कित्येक गावांना एसटी सकाळी एक, संध्याकाळी एक. स्कूटर घ्यायची तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. म्हणून १९८२ साली गंगावेशीत दूध घालणाऱ्या एका गवळ्याकडून त्याची जुनी राजदूत घेतली. मागच्या दोन्ही अंगांना कॅन अडकवायचे जाड लोखंडी आकडे जोडलेले होते. ते कापून घ्यायला मी उद्यमनगरात गेलो, तर मिस्त्री म्हणाले, "ऱ्हाऊ द्यात साहेब, दप्तराच्या पिशव्या अडकवायला हुतील." राहू दिले.

राजदूतचं मूळ पोलंडचं. तिथल्या एसएचएल एम-११ या गाडीवरून एस्कॉर्ट्सने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ती इथे काढली. नाव १७५, इंजिन भरायचं १७३ सीसी. १९७३ च्या ‘बॉबी’त ऋषी कपूरने जी बुटकी राजदूत पळवली ती जीटीएस, लोक पुढे तिला बॉबीच म्हणू लागले. आमच्या भागात मात्र राजदूत म्हटलं की दूधवाला डोळ्यांसमोर यायचा. दोन बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन, मागे पेंडीचं पोतं, आणि चिखलातून धुगधुगत निघालेली गाडी. ती पळत नसे, पण ओढत असे. पहाटे गावातून निघालेलं दूध कोल्हापुरात वेळेवर पोचणं हेच तिचं काम होतं.

त्या गाडीने मला पहिल्यांदा इंजिन म्हणजे काय ते शिकवलं. टू-स्ट्रोकमध्ये ऑइलचा वेगळा साठा इंजिनाच्या पोटात नसतो. क्रँक, बेअरिंग, पिस्टन यांना वंगण मिळतं ते पेट्रोलमधूनच. म्हणून पंपावर पेट्रोलबरोबर ऑइल मारून घ्यायचं, लिटरला साधारण चाळीस मिली. कमी पडलं तर पिस्टन सिलिंडरला धरणार. जास्त झालं तर मागे धुराचा लोट आणि प्लगमध्ये कार्बन. प्लगच्या दोन टोकांत कार्बनचा एक बारीक कण अडकला तरी ठिणगी मरते आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. त्यामुळे टूलबॉक्समध्ये प्लगपाना, कापडात गुंडाळलेला जादा प्लग, क्लचची वायर, चेनलॉक आणि पॉलिश पेपरचा तुकडा नसेल तर गावाबाहेर पडायचं नाही, असा शिरस्ताच होता.

गाडी बंद पडली की पुढचा कार्यक्रम ठरलेला. प्लग काढायचा, टोपीत बसवून सिलिंडरच्या हेडवर टेकवायचा आणि हाताने किक दाबून ठिणगी बघायची. निळी आली तर प्लग बरा, पिवळी आली तर घासायचा, आलीच नाही तर पॉइंट उघडायचे. तोवर बांधावरचा एखादा माणूस येऊन उभा राहिलेला असे. तो न विचारता प्लग हातात धरी, कारण त्याच्याही घरी तसलीच गाडी होती. "कार्बन धरलाय," तो सांगे. "ऑइल जरा कमी मारा." गाडी चालू झाली की तो पुन्हा उसात शिरायचा. नाव-गाव विचारायची पद्धत नव्हती. भर रस्त्यात उघडता येईल आणि उघडल्यावर कळेल, असं ते यंत्र होतं. त्यामुळे मदत करणारा कुणीही असू शकत होता.

कोल्हापुरात आणखी एक सोय होती. ऑइल इंजिनांच्या धंद्यामुळे उद्यमनगरात गल्लोगल्ली फाउंड्री आणि लेथ. पार्ट मिळाला नाही तर करून मिळे. घासलेला बुश, ढिली झालेली पिन, स्विंगआर्मचा बोल्ट, सगळं लेथवर उतरे. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकला की मिस्त्री बजावायचे, "पयल्या पाचशे किलोमीटरात चाळीसच्या वर न्याल तर पुन्यांदा हितंच याल." दर काही महिन्यांनी सायलेन्सर काढायचा, त्याच्या आतली नळी तेलकट कार्बनने भरलेली असे, ती परसात जाळून साफ करायची. त्या धुराचा वास कपड्यांना दोन दिवस राही आणि आई मला न्हाणीघराच्या बाहेरच थांबवायची.

ही राजदूत धाकट्या बहिणीच्या लग्नात विकली. मांडव आणि वाजंत्री तिच्यातून निघाली. घेणारा वडणग्याचा दूधवाला होता. त्याने गाडी चालवून बघायच्या आधी वाकून ते दोन आकडे हाताने हलवून बघितले आणि मगच पैसे मोजले.

आमच्यातले सर हायस्कूलला गणित शिकवायचे. त्यांच्याकडे जावा होती. जावा मूळची चेकोस्लोव्हाकियातली; म्हैसूरला आयडियल जावा नावाचा कारखाना इराणी मंडळींनी काढला आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ती तिथे बनू लागली. अडीचशे सीसी, एक सिलिंडर आणि दोन सायलेन्सर. सरांचं म्हणणं, जावा ही गणिताच्या माणसाने काढलेली गाडी आहे. पुरावा म्हणून ते दोन गोष्टी सांगतात. एक, किक आणि गिअर यांचा दांडा एकच. आत दाबून वर उचलला की किक, खाली पाडला की गिअर. दोन, गिअरचा दांडा दाबला की क्लच आपोआप सुटतो, डाव्या हाताची गरज पडत नाही. "एकदा भुदरगडातून येताना क्लचवायर तुटली," सर सांगतात. "मी तशीच गाडी कोल्हापूरपर्यंत आणली. गिअर टाकताना काही कळलंसुद्धा नाही. आता सांगा, हे डोकं कुणाचं?"

सरांनी जावा विकली १९७९ मध्ये, वडिलांच्या ऑपरेशनसाठी. हे सांगताना त्यांचा आवाज बदलत नाही. हिशोबाच्या वहीत लिहिल्यासारखं ते सांगतात: गाडी इतक्याला गेली, दवाखान्याचं बिल इतकं झालं, वडील पुढे अकरा वर्षं जगले. "चांगला सौदा," हा त्यांचा शेरा.

आबा करवीर तालुक्यातले शेतकरी. त्यांची बुलेट उसाच्या बिलातून आली. पूर्वी ऊसबिल मिळालं की गावात दोन गोष्टी दिसायच्या, एक नवं छप्पर आणि दुसरी नवी गाडी. आबांच्या वडिलांनी आधी छप्पर केलं, पुढच्या हंगामात बुलेट घेतली. मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरला बनणारी साडेतीनशेची गाडी, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. दुसऱ्या गाडीवरून बुलेटवर बसणाऱ्याने पहिल्या चौकात काय केलं असेल ते सांगायला नको. पहिला गिअर वर, बाकीचे खाली, आणि टाचेने दाबायचा न्यूट्रलचा वेगळा दांडा.

बुलेट चालू करणं हे सगळ्यात मोठं शिक्षण. चावी फिरवायची, डिकॉम्प्रेशनचा छोटा दांडा दाबून किक हळूहळू खाली न्यायची आणि ॲम्पिअरचा काटा मध्यावर आला की थांबायचं. मग दांडा सोडून एकदाच, पूर्ण वजनाने किक. हे सोडून कुणी घाईघाईत लाथ मारली तर किक उलटी येई. आबांच्या थोरल्या भावाची नडगी त्याची साक्ष होती. आबा म्हणतात, "गडी किती शाणा हाय हे बगायचं असंल तर त्येला बुलेट चालू करायला सांगायची. जोर लावणारा हरतोय, थांबणारा जिंकतोय."

ती बुलेट कशी गेली असं विचारलं की आबा नेहमी एकच वाक्य बोलतात. "इकली न्हाई. वाटणीत गेली." तीन भावांत शेत वाटलं, विहिरीचा पाणीवाटा ठरला, बुलेट थोरल्याकडे गेली आणि आबांना तिच्या बदल्यात एक रेडी आली. रेडी पुढे तीन वेळा व्याली, हेही ते सांगतात. पण थोरल्याच्या दारावरून जाताना गाडीचा आवाज ऐकून टॅपेट वाजतायत का ते ओळखायची सवय त्यांना बरीच वर्षं होती.

वहिनी म्हणजे सरांची पत्नी, आरोग्य केंद्रात परिचारिका होत्या. गाड्यांच्या गप्पांत बायकांनी काय बोलायचं, असं एकाला वाटत होतं. त्याचं तोंड त्यांनी लुनाने बंद केलं. फिरोदियांची लुना १९७२ साली बाजारात आली. पन्नास सीसी आणि सायकलसारखे पायडल. वहिनींनी ती पगारातून हप्त्याने घेतली आणि उपकेंद्रांच्या भेटीला एकट्या जायला लागल्या. औषधांची पेटी पुढच्या मोकळ्या जागेत, पायांशी. "पेट्रोल संपलं तर तुम्ही लोक गाडी ढकलत आणायचात," त्या म्हणतात. "मी पायडल मारत यायचे." बाई गाडीवरून येते म्हणून सुरुवातीला पोरं मागे पळायची. पुढे गावातल्या बायका पोटुशी असल्याचं आधी लुनावाल्या बाईंना सांगू लागल्या, मग नवऱ्याला. बदली झाली तेव्हा वहिनींनी लुना त्याच केंद्रावर आलेल्या नव्या सिस्टरला दिली. पैसे महिन्याला थोडे थोडे आले. कारण विचाराल तर, "तिला पण तीच गावं फिरायची होती."

आमच्यातल्या शेठची गोष्ट वेगळी. त्यांच्या वडिलांची फाउंड्री, घरी पैसा. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी-३५० ‘राजदूत ३५०’ या नावाने काढली आणि शेठनी हट्ट करून ती घेतली. दोन सिलिंडर, सहा गिअर, तीस हॉर्सपॉवर. ज्या काळात रस्त्यावर बारा-सोळा हॉर्सपॉवरच्या गाड्या भारी समजल्या जात, त्या काळात ही काय चीज असेल त्याचा अंदाज करा. ती लिटरला वीस-पंचवीसच्या आसपास देई, म्हणून देशभरातच ती फारशी खपली नाही. कंपनीने पुढे तिची ताकद थोडी उतरवलेला प्रकारही काढला, तो ‘लो टॉर्क’. शेठची पहिली, म्हणजे ‘हाय टॉर्क’. पन्हाळ्याच्या वळणांवर तिचा आवाज खालच्या वाडीत ऐकू यायचा. शेठ परीक्षेला पुण्याला गेले असताना वडिलांनी ती न विचारता विकली. एकुलता एक मुलगा. "मी आठवडाभर जेवलो नाही," शेठ सांगतात. आज त्यांचा मुलगा मोठी गाडी घ्यायची म्हणतो, तेव्हा ते जे बोलतात ते शब्दशः त्यांच्या वडिलांचं असतं, असं त्यांची बायको सांगते.

त्यानंतर शेठनी आरएक्स-१०० घेतली, कारण वडील तिला ‘शंभरची साधी गाडी’ समजले. ही १९८५ च्या अखेरीस आली. ९८ सीसी, अकरा हॉर्सपॉवर आणि वजन शंभर किलोच्या थोडं वर. पिळली की पुढचं चाक हलकं होई. ऑइलची वेगळी टाकी होती, इंजिन हवं तेवढं स्वतः घेई. आरेक्सवाले आजही एकमेकांना पहिला प्रश्न विचारतात, "इंजिन ओरिजिनल आहे का?" आणि दुसरा, "सायलेन्सर कुठला?" पहिल्या खेपेच्या जपानी सुट्या भागांवर जोडलेल्या गाड्यांची तर आख्यानंच आहेत.

माझी दुसरी गाडी येझ्दी रोडकिंग. म्हैसूरच्याच कारखान्याने १९७० च्या दशकात जावाचं नाव बदलून येझ्दी केलं. मी ती जुनीच घेतली, १९८७ साली. लग्न झालं होतं, मुलगी चालायला लागली होती. मुलगी टाकीवर, बायको मागे, तिच्या मांडीवर पिशवी, साडीगार्डला अडकवलेली पाण्याची बाटली. असे आम्ही आंबा घाटातून रत्नागिरीला जायचो. येझ्दीचा आवाज दोन सायलेन्सरांतून वेगवेगळा न येता एकत्र भरून येतो. चढाला तो खाली उतरतो, सपाटीला पुन्हा भरतो. मुलगी त्या आवाजावर झोपायची; गाडी थांबली की जागी व्हायची.

त्याच रस्त्यावरचा एक परतीचा प्रवास सांगायला हवा, कारण या गप्पांत घाट म्हटलं की सगळे गोड तेवढंच सांगतात. मलकापूरच्या अलीकडे अंधार पडला आणि पाऊस सुरू झाला. सहा व्होल्टची यंत्रणा. इंजिन जोरात फिरेल तेव्हा दिव्याला उजेड; वळणावर हळू झालं की दिवा पिवळा. म्हणजे जिथे दिसायला हवं तिथेच दिसत नाही. पुढच्या ड्रमब्रेकमध्ये पाणी शिरलं होतं. दाबला तरी चाक थांबायला वेळ घेत होतं. शेवटी एका ट्रकच्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवून शाहूवाडीपर्यंत आलो आणि एसटी स्टँडवर रात्र काढली. बायको अजून म्हणते की तो प्रवास तिला आठवतो तो रोडकिंगमुळे नव्हे, त्या ट्रकवाल्यामुळे.

येझ्दी १९९३ साली घराच्या स्लॅबसाठी गेली. सिमेंट आणि सळईचा हिशोब अडला होता. निपाणीचा एक तंबाखूचा व्यापारी आला, गाडी घेऊन गेला. आज मी ज्या छताखाली बसून हे लिहितो आहे त्यातला एक कोपरा त्या गाडीचा आहे. हे मी मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "कुठला कोपरा?" मी स्वयंपाकघराचा दाखवला. खरं तर तसा काही हिशोब नसतो.

येझ्दीनंतर मी हिरो होंडाची सीडी-१०० घेतली. ती आली १९८५ मध्ये, पण आमच्यासारख्यांच्या दारात यायला पुढची काही वर्षं गेली. फोर-स्ट्रोक, ऑइल वेगळं, धूर नाही, लिटरला सत्तर-ऐंशी. टाकी भरा आणि विसरून जा, अशी तिची जाहिरातच होती आणि ती खरी होती. मी ती दहा वर्षांहून जास्त चालवली. आता गंमत बघा. चहाच्या गप्पांत सीडी-१०० ची वेळ आली की माझ्याकडे सांगायला काहीच नसतं. ती बंद पडली नाही, तिने घाटात अडवलं नाही, तिचा प्लग मी कधी कुणाच्या हातात दिला नाही. रोज सकाळी चालू झाली आणि संध्याकाळी घरी आली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गाडी तीच, आणि तिचीच गोष्ट नाही.

मग २००० साली धुराचे नवे नियम आले आणि टू-स्ट्रोकचा काळ संपत गेला. म्हैसूरचा कारखाना त्याआधीच, १९९६ ला बंद पडला होता. त्याच वर्षी आरएक्स-१०० चंही उत्पादन थांबलं. पंपावरचं ऑइल मारायचं यंत्र कोपऱ्यात गेलं, मग दिसेनासं झालं. उद्यमनगरातल्या मिस्त्रींच्या मुलाने आता संगणक लावून गाडी तपासायचं सर्व्हिस सेंटर काढलं आहे. तो हुशार आहे. पण गाडीजवळ कान नेऊन ऐकण्याची त्याला गरज पडत नाही.

जुन्या गाड्या चांगल्या होत्या का, असा प्रश्न नातवंडं विचारतात. माझं उत्तर सरळ आहे: नव्हत्या. ब्रेक अपुरे, उजेड अपुरा, धूर भरपूर. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचं आहे. ओल्या रस्त्यावर चाक न घसरता गाडी थांबते, ही गोष्ट मलकापूरच्या त्या रात्री मला कुणी सांगितली असती तर मी हसलो असतो. नातवाला कॉलेजला जायला मी राजदूत देणार नाही. त्या गाड्या आम्हाला जवळच्या वाटतात त्याचं कारण त्यांच्यात नाही, आमच्या कामात आहे. त्यांना रोज हात लावावा लागायचा. ज्याला हात लावावा लागतो ते माणूस विसरत नाही.

आता त्याच नावांचा बाजार पुन्हा गरम आहे. जावा २०१८ मध्ये आणि येझ्दी २०२२ मध्ये नव्या इंजिनासह परत आली. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझ्दीवाले ठिकठिकाणी जमतात. पुण्या-बंगळुरात मोठी गर्दी होते. पुण्याच्या नाना पेठेत आणि दिल्लीच्या करोल बागेत पार्ट शोधत पोरं फिरतात. नीट केलेली आरएक्स लाखाच्या पुढे जाते. कुणा दूधवाल्याने विकलेली राजदूत कॅफेच्या दारात फुलझाडं लावून उभी केलेली मी पाहिली आहे. ते मात्र मला आवडलं नाही.

या लाटेत सरांनाही त्यांची जावा शोधायची हौस आली. जुन्या डायरीत नंबर होता, एमएच यायच्या आधीचा, तीन अक्षरांचा. ज्याला विकली त्याचं गाव ठाऊक होतं. गेल्या दिवाळीनंतर आम्ही दोघं भुदरगड तालुक्यातल्या त्या गावी गेलो. घेणारा गृहस्थ वारला होता. त्याच्या मुलाने गोठ्याशेजारची खोली उघडली आणि गाडी तिथे होती. चालू. रंग बदललेला, सीट नवं, पण टाकीवरच्या गुडघ्याच्या रबरांपैकी डाव्या बाजूचं फाटकं रबर तेच. सरांनी खिशातून आकडा सांगायची तयारी केली होती. तो मुलगा नम्रपणे म्हणाला, "सर, चालवून बघा की. पण द्यायची न्हाई. आमच्या बाबांची गाडी हाय ती." सरांनी दांडा आत दाबून वर केला, किक मारली, गावाबाहेर चक्कर टाकून आले आणि किल्ली परत दिली. परतताना बसमध्ये ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. माझ्याकडे ती सात वर्षं होती. त्यांच्याकडे चाळीसच्या वर आहे."

गाडी विकली की आपली गोष्ट संपते आणि दुसऱ्या घरातली सुरू होते, एवढं मला त्या दिवशी कळलं. म्हणून ज्यांच्या परसात किंवा पडवीत अजून एखादी जुनी गाडी उभी आहे त्यांना काही सांगावंसं वाटतं.

ती गाडी एकतर चालवा, नाहीतर चालवणाऱ्याला द्या. ताडपत्रीखाली ठेवून गाडी टिकत नाही. टाकी आतून गंजते, टायर बसतात, उंदीर वायरी खातात. चालवत असाल तर पेट्रोलकडे लक्ष द्या. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्यातलं काही इथेनॉल आपल्याच भागातल्या उसाचं असलं तरी ते जुन्या गाडीच्या रबराला मानवत नाही आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. पेट्रोलची नळी, कार्ब्युरेटरची रबरं नवी, इथेनॉलला टिकणारी घाला. महिनाभर उभी ठेवायची असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा. पंधरा वर्षांनंतरचं रीपासिंग आणि पर्यावरण कर वेळेवर भरा. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे. तिचा नंबर ‘व्हीए’ अक्षरांचा असतो, पण मग ती रोजच्या कामाला वापरता येत नाही.

द्यायची झाली तर फॉर्म २९ आणि ३० वर रीतसर सह्या करून द्या आणि आरसीवर नव्या मालकाचं नाव चढल्याची खात्री करा. तोंडी व्यवहारात दिलेली गाडी उद्या अपघातात सापडली तर नोटीस तुमच्या दारी येते.

आणि विकलीत, तर का विकली हे घरातल्या मुलांना सांगून ठेवा. शिक्षण, लग्न, दवाखाना, छप्पर, जे काही तिच्या पैशांतून उभं राहिलं असेल ते. गाडी दुसऱ्याच्या घरी गेली तरी चालेल. कारण आपल्या घरात राहिलं पाहिजे.